पद्मिनी खाली आणायची, पण टायर मडगार्डला घासू द्यायचा नाही: मापापासून चाचणीपर्यंत

प्रीमियर पद्मिनी खाली आणणाऱ्यांपैकी, म्हणजे तिची उंची कमी करणाऱ्यांपैकी, बऱ्याच जणांचा क्रम असा असतो. आधी पुढच्या स्प्रिंगा कापतात. मग मागे ॲक्सल आणि पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगांच्या) मध्ये ब्लॉक, म्हणजे ठोकळे, घालतात आणि रुंद अलॉय रिमा बसवतात. मागच्या सीटवर माणसं बसवून पहिला स्पीडब्रेकर ओलांडला की खरकन आवाज येतो. त्यानंतर मडगार्डची कड ठोकून आत वळवतात. तरीही घासतं म्हणून स्प्रिंगखाली रबर घालून गाडी पुन्हा वर उचलतात. यात स्प्रिंग वाया जाते, पत्रा वाया जातो आणि गाडी शेवटी बेढबच दिसते.

घोटाळा एका समजुतीत आहे. टायर घासतो तो स्प्रिंग लहान केली म्हणून नाही. चाक मडगार्डच्या आत जास्तीत जास्त किती वर जाऊ शकतं, ते स्प्रिंग ठरवत नाही, बंप स्टॉपचं रबर ठरवतं (वर जाणारं चाक शेवटी ज्यावर टेकून थांबतं ते). रबर जागेवर असेल आणि चाक-टायर मूळचेच असतील, तर खाली आणलेल्या गाडीचं चाकही मूळ गाडीपेक्षा वर जात नाही. तिथे ते जास्त वेळा पोचतं, इतकाच फरक पडतो. घासणं सुरू होतं ते लोक रबर कापतात म्हणून, रिम रुंद करतात म्हणून, किंवा स्टेअरिंग पूर्ण वळलेलं असताना चाक कुठे जातं हे कोणी पाहिलेलंच नसतं म्हणून.

त्यामुळे चाक पूर्ण वर नेऊन आधी मोजायचं, आणि उंची किती कमी करायची ते त्या मापांवरून ठरवायचं. पुढचे सगळे टप्पे याच क्रमाने आहेत.

कागदपत्रांचं आधी बघा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचे, म्हणजे उत्पादकाने ठरवलेले तपशील बदलतील असे फेरफार करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरबदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमचा बदल कशात मोडतो ते आरटीओत लेखी विचारून घ्या. गाडीला ५० वर्षं झाली असतील आणि २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज नोंदणी करायचा विचार असेल, तर खाली आणण्याचा नादच सोडा. ती नोंदणी मूळ स्वरूपातल्या गाडीसाठी आहे.

१. गाडी आधी ठीक करा

चाळीस वर्षांच्या गाडीची आजची उंची ही तिची खरी उंची नसते. चालकाच्या बाजूचे पाटे बसलेले असतात, बुश चपटे झालेले असतात, एखादी स्प्रिंग दुसरीपेक्षा थकलेली असते. अशा गाडीवर घेतलेली मापं महिन्याभरात खोटी ठरतात.

पुढच्या आर्मचे (चाक सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्यांचे) बुश, म्हणजे सांध्यातली रबरी नळकांडी, पाट्यांच्या डोळ्यातले बुश, शॅकलचे (पाट्याचं टोक सांगाड्याला जोडणाऱ्या हलत्या दुव्याचे) बुश आणि पुढच्या अँटी-रोल बारची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची) रबरं तपासा. खराब असतील तर बदला. पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घातला तर पद्मिनीचं बरंच सामान अजून मिळतं. मागच्या बुशकडे विशेष लक्ष द्या. मागचा ॲक्सल आडवा सरकू नये यासाठी या गाडीत वेगळा दांडा नाही, ते काम पाटे आणि त्यांचे बुशच करतात. बुश सैल असतील तर वळणावर अख्खा ॲक्सल बाजूला सरकतो आणि उभ्या गाडीत कधीही न घासणारा टायर वळताना घासतो. पाटा आणि शॅकल यांच्यामध्ये पहार घालून आडवा जोर द्या. डोळ्यांना दिसेल इतकी हालचाल झाली, तर पुढचं काम थांबवून आधी बुश बदला.

बुश बदलताना एक चूक सर्रास होते. गाडी जॅकवर लटकत असतानाच बुशचे बोल्ट घट्ट आवळले जातात. मग गाडी खाली ठेवली की रबर कायम पिळलेलं राहतं, गाडी दोनपाच मिलिमीटर वर उभी राहते आणि रबरही लवकर फाटतं. शेवटचा पीळ नेहमी गाडी चाकांवर उभी असताना द्या.

२. मूळ मापं वहीत उतरवा

जागा सपाट हवी. लांब पट्टी आणि पाणसळ घेऊन चारही चाकांखालची फरशी तपासा. फरक असेल तर पातळ पत्रे घालून भरून काढा. टायरमधली हवा सारखी करा, टाकी अर्धी भरा, डिकीतलं सामान काढा. गाडी दहा-पंधरा फूट पुढेमागे ढकला, बंपरवर दाबून हलवा आणि आपोआप स्थिर होऊ द्या. जॅकवरून नुकत्याच उतरवलेल्या गाडीची चाकं आत ओढलेली असतात. ते माप घेऊ नका.

उंची जमिनीपासून मोजू नका, कारण उद्या टायर बदलला की ते माप निरुपयोगी होईल. चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. चारही चाकांचं माप लिहा, आणि चालक बसलेला असताना एकदा, चार माणसं बसलेली असताना एकदा, असं दोनदा लिहा.

मग प्रत्येक चाकाजवळ चार मोकळ्या जागा मोजायच्या:

– टायरच्या बाहेरच्या फुगवट्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. कडेवरून ओळंबा सोडला की टायर त्याच्या आत आहे की बाहेर, हे लगेच कळतं.
– टायरच्या आतल्या बाजूपासून आतल्या पत्र्यापर्यंत, आणि मागच्या चाकांना पाट्यापर्यंत.
– पुढच्या चाकांना, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, आर्म, टाय रॉडचं (चाक वळवणाऱ्या स्टेअरिंगच्या दांड्याचं) टोक आणि ब्रेकचा रबरी पाइप यांच्यापर्यंत.
– बंप स्टॉपचं रबर आणि ते जिथे टेकतं ती जागा, यांच्यामधलं अंतर.

तपासा: डाव्या-उजव्या मापांत ८ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, तर स्प्रिंग किंवा पाटा बसलेला आहे, किंवा गाडीला कधीतरी मार लागलेला आहे. जुन्या गाड्यांच्या दोन मडगार्डांतही फरक असू शकतो. म्हणून आर्मच्या पिव्होटपासून (आर्म सांगाड्याला जिथे फिरतो त्या सांध्यापासून) जमिनीपर्यंतचं मापही ताडून पाहा.

३. रिम आणि टायर आत्ताच ठरवा

हा निर्णय मागे ठेवला तर पुढची सगळी मापं पुन्हा घ्यावी लागतात. खरं तर टायर घासण्याची बहुतेक प्रकरणं इथेच जन्माला येतात, स्प्रिंगशी त्यांचा संबंध नसतो.

रिम बदलली की चाक किती बाहेर आणि किती आत जाणार, याचं गणित सोपं आहे. नव्या आणि जुन्या रिमच्या रुंदीतल्या फरकाचा अर्धा भाग बाहेर जातो, अर्धा आत. त्यात ऑफसेटचा, म्हणजे रिमवर ‘ईटी’ म्हणून लिहिलेल्या आकड्याचा फरक मिळवायचा. ईटी जितका वाढला तितकं चाक आत जातं, जितका कमी झाला तितकं बाहेर येतं. समजा ४ इंची रिम काढून साडेपाच इंची घातली. फरक दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना १९. ईटी ३० होता तो ३८ झाला, तर बाहेर ११ मिलिमीटर आणि आत २७ मिलिमीटर जागा लागेल. वहीतल्या मापांत ती जागा आहे का? नसेल तर ती रिम कितीही देखणी असली तरी तुमच्या गाडीची नाही.

जुन्या रिमवर ईटी लिहिलेला नसतो. रिम पालथी घालून कडेवर सरळ पट्टी ठेवा, हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतची खोली मोजा आणि त्यातून रिमच्या एकूण रुंदीचा अर्धा भाग वजा करा. एकूण रुंदी म्हणजे कडांच्या जाडीसकट. बोल्टच्या वर्तुळाचा व्यास आणि मधलं भोक हबवर नेमकं बसतं का, हेही इथेच पाहून घ्या.

आता टायरची उंची. १६५/६५ आर १४ टायरचा व्यास असा निघतो: १६५ च्या ६५ टक्के म्हणजे १०७, त्याची दुप्पट २१४.५, अधिक रिमचे ३५५.६, म्हणजे ५७० मिलिमीटर. मूळ ५.२०-१४ टायर यापेक्षा मोठा असतो. तुमचा मोजा, कारण झिजलेला आणि नवा यांत फरक पडतो. व्यासात ३० मिलिमीटर कमी झाले तर गाडी त्याच्या निम्मी, १५ मिलिमीटर, खाली येते. स्प्रिंगला हात न लावता उंची कमी होते आणि मडगार्डमध्ये जागाही वाढते. रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीसाठी मला हा उपाय सगळ्यात प्रामाणिक वाटतो. याने गिअरिंग थोडं आखूड होतं आणि स्पीडोमीटर जास्त दाखवतो, हे मात्र लक्षात ठेवा.

सावधान: एकाच आकड्याचे दोन कंपन्यांचे टायर सारखे रुंद नसतात. शिवाय रिम अर्धा इंच रुंद केली की तोच टायर साधारण ५ मिलिमीटर जास्त फुगतो. म्हणून चौकडी विकत घेण्याआधी एक चाक-टायर उसना आणा आणि पुढचा टप्पा त्यावर करा.

४. स्प्रिंग काढून चाक पूर्ण वर न्या

या कामाचा हा गाभा आहे आणि नेमका हाच टप्पा सगळे गाळतात. अर्धा दिवस जातो, हात काळे होतात, पण यानंतर अंदाजाने काही ठरवावं लागत नाही.

पुढच्या बाजूने सुरुवात करा. गाडीचा सांगाडा भक्कम स्टँडवर ठेवा, मागच्या चाकांना दोन्हीकडून अडसर लावा. शॉकअप काढा. अँटी-रोल बार एका बाजूने सोडवा, नाहीतर तो दुसऱ्या चाकालाही ओढत राहील. मग खालच्या आर्मखाली जॅक देऊन, स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून स्प्रिंग बाहेर काढा.

सावधान: दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात, जबडा, डोळा काहीही जाऊ शकतं. कॉम्प्रेसरशिवाय, नुसत्या जॅकच्या भरवशावर आर्म सोडू नका. स्प्रिंगमधून साखळी ओवून ती सांगाड्याला बांधा. कॉम्प्रेसरच्या आट्यांवर गंज असेल तर तो वापरू नका. सवय नसेल तर एवढं काम अनुभवी मेकॅनिककडून करून घ्या.

स्प्रिंग नसताना आर्म पुन्हा जोडा, बंप स्टॉपचं रबर जागेवर ठेवा आणि ठरवलेलं चाक लावा. आता चाक जॅकने हलकेच वरखाली होतं. चाकाचा मध्यबिंदू ते मडगार्डची कड हे माप मूळ आकड्यावर आणा. तिथून १० मिलिमीटरच्या पायऱ्यांनी चाक वर घ्या. प्रत्येक पायरीवर स्टेअरिंग सरळ, अर्धं डावीकडे, पूर्ण डावीकडे, मग तसंच उजवीकडे फिरवा आणि सगळ्यात अरुंद जागा कुठे आहे ते वहीत लिहा. बहुतेकांची नजर फक्त वरच्या कडेवर असते. पूर्ण वळलेल्या चाकाचा खांदा मडगार्डच्या मागच्या खालच्या कोपऱ्याला किंवा पुढच्या ॲप्रनला आधी लागतो.

जिथे पट्टी जात नाही तिथे शाडूच्या मातीचे गोळे चिकटवा. चाक वर नेऊन परत खाली आणा आणि दबलेल्या गोळ्याची जाडी मोजा.

बंप स्टॉपला चाक टेकलं की थांबू नका. खड्ड्यात चाक आदळतं तेव्हा ते रबर आपल्या उंचीच्या जवळपास निम्मं दबतं. तेवढं अजून वर जाऊन मापं घ्या. रबर कडक असेल आणि जॅकने गाडीच स्टँडवरून उचलली जाऊ लागली, तर लगेच थांबा. रबर काढून त्याच्या निम्म्या उंचीचा लाकडी ठोकळा घाला आणि पुन्हा करा.

मागे पाटे पूर्ण काढले तर ॲक्सलला धरून ठेवणारं काही उरत नाही. म्हणून मुख्य पाटा तेवढा ठेवायचा, बाकीचे काढायचे. मधला बोल्ट सोडण्याआधी पाट्यांचा गठ्ठा दोन्ही बाजूंनी शिकंज्यात धरा, नाहीतर पाटे उसळून सुटतात. एकटा मुख्य पाटा जॅकने सहज वाकतो. ॲक्सल आधी दोन्ही बाजूंनी सारखा वर न्या, नंतर फक्त एक बाजू वर आणि दुसरी खाली. एकच चाक वर जातं तेव्हा ॲक्सल तिरका होतो आणि वर गेलेल्या टायरचा माथा आत कलतो. अशा वेळी कडेला जागा मिळते, पण आतल्या पत्र्याकडे कमी होते. दोन्ही मापं लिहा.

तपासा: रबर पूर्ण दबलेलं असताना पुढे कुठेही किमान १० आणि मागे १५ मिलिमीटर मोकळी जागा हवी. मागे जास्त का, तर वळणावर ॲक्सल थोडा आडवा सरकतोच. एवढी जागा नसेल, तर आधी टायर अरुंद करा किंवा ईटी बदला. पुढे जाऊ नका.

५. किती खाली? आकडा इथे निघतो

समजा मूळ उंचीपासून रबर पूर्ण दबेपर्यंत पुढचं चाक ८५ मिलिमीटर वर जातं आणि तिथपर्यंत टायर कुठेही लागत नाही. गाडी ३० मिलिमीटर खाली आणली तर ५५ उरतात. आपल्या रस्त्यांवर पुढे ५० पेक्षा कमी उरवू नये, आणि मागे, गाडीत चार माणसं बसलेली असताना, ४० पेक्षा कमी नको, असं माझं मत आहे. त्याखाली गाडी रबरावरच चालते आणि सांगाड्याला हादरे बसतात.

आता उलट उदाहरण घ्या. नवा टायर ७० मिलिमीटरवरच पत्र्याला टेकतो. मग १० मिलिमीटर मोकळे सोडून चाक ६० वर थांबायला हवं, म्हणजे चाकाची हालचाल २५ मिलिमीटरने कमी करणारा पॅकर (जाडी भरणारा तुकडा) बंप स्टॉपखाली लागणार. त्यातून ३० ची घट वजा केली की हालचालीला ३० मिलिमीटरच उरतात. हा सौदा वाईट आहे. इथे उंची किंवा पत्रा यांच्याशी झटापट न करता चाक बदलावं.

पोटाखालची जागाही याच वेळी मोजा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. पद्मिनीची पुढची आणि मागची चाकं २,३४० मिलिमीटरवर आहेत. एवढ्या रुंद उंचवट्यावर ती दोन्ही बाजूंना उभी राहिली, तर पोटाखालची जेमतेम ४० मिलिमीटर जागा खर्च होते. पण गल्लीतला अरुंद, टेंगळासारखा स्पीडब्रेकर दोन चाकांच्या मध्ये पूर्ण मावतो आणि सगळेच्या सगळे १०० मिलिमीटर खातो. चार माणसं बसवून सायलेन्सर आणि ऑइल सम्प (इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं) यांच्याखाली १२० तरी उरायला हवेत. माझ्या मते रस्त्यावरच्या पद्मिनीला टायरसकट ३० ते ४० मिलिमीटर पुरतात. त्यापुढे रोजचं चालवणं त्रासाचं होतं.

६. पुढच्या स्प्रिंगा

स्प्रिंग खालच्या आर्मच्या मध्यावर कुठेतरी बसते, चाकावर नाही. त्यामुळे स्प्रिंग १० मिलिमीटरने लहान केली तर चाकाजवळ त्यापेक्षा जास्त उंची कमी होते. आर्मच्या पिव्होटपासून स्प्रिंगच्या मध्यापर्यंत आणि पिव्होटपासून बाहेरच्या सांध्यापर्यंत मोजा. पहिलं १८० आणि दुसरं ३०० आलं तर प्रमाण ०.६. चाकाजवळ ३० मिलिमीटर हवे असतील तर स्प्रिंगची बसलेली उंची १८ ने कमी करायची, ३० ने नाही. हे प्रमाण न पाहता कापलेल्या गाड्या ठरवल्यापेक्षा दीडपट खाली जातात.

नवी स्प्रिंग करून घेणं उत्तम. औद्योगिक वसाहतींत स्प्रिंगा करून देणारे असतात. त्यांना तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वेटोळ्यांची संख्या, टोकांचा आकार आणि बसलेली उंची एवढं द्या. थोडी कडक मागा, कारण आता हालचालीला जागा कमी आहे. तार किंचित जाड केली तरी पुष्कळ फरक पडतो. १२ ऐवजी १२.५ मिलिमीटर केली तर कडकपणा १७-१८ टक्के वाढतो.

जुनीच कापायची असेल तर आधी टोक बघा. टोक घासून सपाट केलेलं असेल तर कापू नका, स्प्रिंग सीटवर नीट बसणार नाही. टोक मोकळं असेल तर ग्राइंडरच्या पातळ चकतीने, अर्ध्या वेटोळ्याच्या बेताने कापा. प्रत्येक वेळी बसवून, गाडी चाकांवर उभी करून मोजा. एक पूर्ण वेटोळं गेलं की उरलेली स्प्रिंग कडक होते. आठाची सात झाली तर सुमारे १४ टक्के. म्हणून कापलेल्या लांबीइतकी गाडी खाली जाईल असं समजू नका.

सावधान: गॅसची ज्योत लावून स्प्रिंग बसवून देणारे अजूनही भेटतात. पोलादाचं पाणी उतरलं की ती स्प्रिंग रोज थोडी थोडी बसत जाते आणि एक दिवस तुटते. याला ठाम नकार द्या.

तपासा: गाडी जॅकवर घेऊन चाक पूर्ण लटकू द्या. स्प्रिंग हाताने फिरत किंवा हलत असेल तर ती सीटवरून निसटू शकते. अशी स्प्रिंग बाद.

ॲम्बॅसडरवाल्यांसाठी एवढंच, की तिच्या पुढे स्प्रिंग नसून टॉर्शन बार आहे. तिथे कापाकापी नाही, दांड्याच्या दातांवर लिव्हरची जागा बदलून उंची ठरते. बाकीचे टप्पे तेच.

७. मागचे पाटे

पाटे ॲक्सलच्या खालून जात असतील, तर मध्ये ब्लॉक घातल्याने गाडी खाली येते. वरून जात असतील तर तोच ब्लॉक तिला वर उचलतो. ऐकीव माहितीवर ब्लॉक आणू नका, आधी खाली वाकून बघा.

ब्लॉक पोलादाचा किंवा ॲल्युमिनियमचा हवा, एका तुकड्याचा, खाली मधल्या बोल्टच्या डोक्यासाठी भोक आणि वर खुंटी असलेला. लाकूड नको, एकावर एक दोन ब्लॉक नकोत. यू-बोल्ट ब्लॉकच्या उंचीइतके लांब आणि नवेच घ्या. ताणलेले जुने यू-बोल्ट पुन्हा आवळले की आटे सरकतात.

पाट्यांची कमान कमी करून घेणं हा दुसरा मार्ग. चांगल्या पाटेवाल्याकडे तो ब्लॉकपेक्षा नीटनेटका होतो, कारण ॲक्सल आणि पाटा मूळ जागी एकमेकांना टेकलेले राहतात. दोन्ही बाजू एकाच वेळी करा आणि गठ्ठे उलटे ठेवून कमान मोजून घ्या. कमान कमी झाली की पाटा लांबतो आणि शॅकल मागे ढकलला जातो. गाडी भरल्यावर शॅकल सांगाड्याला टेकत असेल तर ती कमान फार कमी झाली आहे.

पाटा काढून टाकणं हा तिसरा मार्ग काहीजण सुचवतात. तो घेऊ नका. उंची कमी होते, पण ताकदही जाते. मग भरलेली गाडी मागे रबरावरच बसते आणि ब्रेक मारताना ॲक्सल पिळला जातो.

८. रबर, शॉकअप, पाइप

बंप स्टॉप कापू नका. या लेखातली एवढी एक गोष्ट पाळली तरी निम्म्या गाड्यांचं घासणं थांबेल. हालचाल फारच कमी उरत असेल तर कमी उंचीचं, पण आत जाताना हळूहळू कडक होणारं रबर शोधा आणि चौथा टप्पा त्या रबरावर पुन्हा करा.

शॉकअप पूर्ण दाबून त्याची लांबी मोजा. चाक पूर्ण वर असताना त्याच्या दोन टोकांमधलं अंतर या लांबीपेक्षा किमान १० मिलिमीटर जास्त हवं. नसेल तर रबराआधी शॉकअपच तळाला लागतो आणि त्याची बैठक फाटते.

चाक पूर्ण वर, पूर्ण लटकलेलं आणि दोन्हीकडे पूर्ण वळलेलं असताना ब्रेकचा रबरी पाइप ताणला जात नाही आणि टायरला लागत नाही, हे डोळ्यांनी बघा. मागे ॲक्सलवरून जाणारा सायलेन्सरचा पाइप, हँडब्रेकची केबल आणि प्रोपेलर शाफ्टच्या वरचा बोगदा यांचीही जागा तपासा. पाइपवर घासल्याची चकाकी दिसली तर तो बदलल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

९. मडगार्डची कड वळवणं, गरज असेल तरच

चौथ्या टप्प्यात पुढे १० आणि मागे १५ मिलिमीटर मिळाले असतील तर पत्र्याला हातच लावू नका. दोनचार मिलिमीटर कमी पडत असतील तर कडेची आत वळलेली पट्टी वर दुमडून ती जागा मिळते.

रंग हॉट गनने हाताला चटका बसेल इतपत गरम करा आणि रोलरने, दरवेळी थोडंच दाबत, चारपाच फेऱ्यांत वळवा. थंड रंग तडकतो. टायर आणि मडगार्डच्या मध्ये पाइप घालून गाडी ढकलण्याची पद्धत वापरू नका, कड लाटेसारखी होते आणि बाहेरचा पत्राही फुगतो. आधी लोहचुंबक फिरवून बघा. जिथे चिकटत नाही तिथे खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे, आणि ती नक्की तडकणार.

मागची कड कापू नका. तिथे बाहेरचा आणि आतला असे दोन पत्रे स्पॉट वेल्डने जोडलेले असतात. कापलं की सांधा उघडतो आणि एका पावसाळ्यात गंज आत शिरतो. वळवल्यावरही त्या घडीत चिखल साचतो. म्हणून त्याच दिवशी गंजरोधक प्रायमर आणि सांध्याचा सीलंट भरा.

१०. अलाइनमेंट

नव्या स्प्रिंगा आणि पाटे बसायला थोडा वेळ घेतात. ढोबळ टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) घरी दोरीने लावून घ्या, दोनतीनशे किलोमीटर गाडी जपून चालवा, यू-बोल्ट पुन्हा आवळा आणि मग अलाइनमेंटला जा. जाताना चालकाच्या वजनाइतकं ओझं सीटवर ठेवा. दोन आर्मच्या या रचनेत गाडी खाली आली की चाकाचा माथा आत कलतो. कडेला जागा मिळते, पण कल जास्त झाला तर टायर आतून झिजतो. आर्मच्या बैठकीत शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) असतील तर त्यांनी तो सुधारता येतो. मशीनवर असतानाच पुढचं टोक दाबून टो किती बदलतो तेही पाहायला सांगा. खूप बदलत असेल, तर टाय रॉड आता आर्मशी समांतर राहिलेले नाहीत. खड्ड्यात स्टेअरिंग आपोआप ओढत असेल तर त्याचं कारण हेच.

हेडलाइटचा झोत पुन्हा लावायचं विसरू नका.

११. चाचणी

टायरच्या खांद्यांवर आणि बाजूंवर खडूचे जाड पट्टे ओढा. पहिली फेरी एकट्याने, मोकळ्या जागेत, चालण्याच्या वेगाने. दोन्हीकडे स्टेअरिंग पूर्ण वळवून आठाचे आकडे काढा, नंतर तेच रिव्हर्समध्ये. रिव्हर्समधली घासाघीस बऱ्याच जणांना पार्किंगमध्येच पहिल्यांदा कळते. दुसऱ्या फेरीत चार माणसं आणि डिकीत सामान घेऊन स्पीडब्रेकर तिरका ओलांडा, म्हणजे एका वेळी एकच चाक वर जाईल. दोन्ही दिशांनी करा. तिसरी फेरी वळणांच्या रस्त्यावर, नेहमीच्या वेगाने.

प्रत्येक फेरीनंतर खडू बघा. बाहेरच्या खांद्यावर पुसला असेल तर टायर कडेला लागतो आहे: ईटी वाढवा किंवा कड वळवा. आतल्या बाजूला पुसला असेल तर ईटी कमी करा, किंवा आधी बाहेर किती जागा उरली आहे ते मोजून बारीक स्पेसर (हब आणि रिमच्या मधली चकती) घाला. स्पेसर घातला तर बोल्टही तेवढेच लांब हवेत. बोल्टच्या जाडीइतके तरी आटे आत धरले गेले पाहिजेत. माथ्यावर, मधोमध पुसला असेल तर चाक ठरवल्यापेक्षा वर जातं आहे. म्हणजे बंप स्टॉप फाटला आहे, निसटला आहे किंवा कोणीतरी कापला आहे. फक्त वळणावर आणि फक्त मागे घासत असेल तर पहिल्या टप्प्यातले बुश पुन्हा बघा. फक्त एका बाजूला घासत असेल तर ॲक्सल मधोमध आहे का ते मोजा. मधल्या बोल्टचं डोकं ब्लॉकच्या भोकात नीट बसलेलं नसलं की असं होतं.

पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट, चाकांचे बोल्ट आणि चारही उंच्या पुन्हा तपासा आणि वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहा. स्प्रिंग पाच मिलिमीटर बसली असेल तर ठीक. त्याहून जास्त बसली असेल तर पाचव्या टप्प्यातलं गणित नव्या आकड्यांनी पुन्हा मांडा.